गयेची मातृषोडशी

गेल्या पितृपक्षांत आम्ही घरचीं नऊ माणसें एका यात्रामंडळीबरोबर गयेस गेलों. वाळू उकरल्यावर पाणी देणारी ही अंतःसलिला फल्गु, इ. स. २०२२ मध्यें रबरी बंधारा झाल्यापासून मात्र विष्णुपदाच्या घाटालगत पाणी असतें. देवालय अहिल्याबाई होळकरांनीं १७८७ मध्यें बांधविलेलें, तेव्हां मराठी माणसास तेथें परकें वाटत नाहीं. गयावळांच्या वहींत पणजोबांची सही निघाली. वडील मंडळी गहिंवरली.

माझें लक्ष मात्र मातृषोडशीकडे वेधलें. हे सोळा पिंड केवळ आईचे. एकेका पिंडाबरोबर तिचे कष्ट उच्चारावयाचे: गर्भाचा भार, प्रसूतीच्या वेदना, मुलासाठीं घेतलेले कडू काढे, ओल्या अंथरुणावरील रात्री. शेंकडों लोक रांगेनें बसून तेंच उच्चारीत होते. गलबला तर विचारूं नका!

आमचे थोरले काका सत्तरीचे. त्यांची आई बाळंतपणांतच गेली. वाढविलें तें विधवा आत्याआजीनें. ओल्या अंथरुणाच्या पिंडाशीं काकांचा हात थबकला. "हें तर आत्यानें केलें," ते हळूच म्हणाले. गुरुजींनीं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलें. "गयेस आप्तास काय, परक्यासहि पिंड देतां येतो. सोळा आईस पुरे करा, मग त्यांचें नांव सांगा."

काकांनीं तसें केलें.

अक्षयवटाखालीं आवडतें फळ कायमचें सोडण्याची चाल आहे. काकांनीं आंबा सोडला. आत्याआजी आपल्या वांट्याची फोड नेहमीं त्यांच्या ताटांत टाकी.