सरळ फळ्यांवर घडणारे वक्र छप्पर

देवरूख परिसरात पावसाचे पाणी त्वरित निथळावे म्हणून उतरती कौलारू छपरे बांधण्याची रीत आहे. सरळ वासे व रिपा हा त्यांचा सांगाडा. अशाच सरळ लाकडाच्या आधाराने घोड्याच्या खोगिरासारखे वक्र छप्परही घडविता येते.

चार समान काठ्या सैल बांधून चौकट करावी. तिचे समोरासमोरचे दोन कोपरे उचलून विरुद्ध बाजूंमध्ये समान अंतरांवर दोरे ताणावेत. प्रत्येक दोरा सरळ, पण त्यांचा पृष्ठभाग मात्र वक्र दिसतो. गणितात यास ‘अपास्तीय अन्वस्तज’ म्हणतात. यामुळेच काँक्रीटचा साचा सरळ फळ्यांनी उभारता येतो.

हे छप्पर एका दिशेने कमानीप्रमाणे दाब, तर दुसऱ्या दिशेने झोळीप्रमाणे ताण पेलते. भार जाडीपेक्षा आकारावर तोलला जात असल्याने काँक्रीट थोडे लागते. मेक्सिकोतील शोचिमिल्को येथे फेलिक्स कॅन्डेला यांनी १९५८ मध्ये उभारलेल्या उपाहारगृहाचे असे कवच सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचे आहे.

मात्र काँक्रीट ताणास दुबळे असते. तो ताण पोलादी सळ्या घेतात. पातळ थरातून पाणी झिरपून त्या गंजल्यास छप्परच धोक्यात येते. म्हणून कोकणात असे छप्पर घालताना सळ्यांवर पुरेसे आवरण ठेवणे आणि खालच्या कोपऱ्यांतून पाण्याचा निचरा करणे अत्यावश्यक ठरते.