माणूस शोधा

१८९५ साली मद्रास सरकारच्या टेबलावर एका अहवालाचा पहिला खंड आला. दुसरा आला १८९७ मध्ये. शेतकऱ्याला सावकाराच्या कर्जातून सोडवायचे तर खेड्यांत पतपेढ्या काढता येतील का, याचा अभ्यास करायला सरकारने फ्रेडरिक निकल्सन या सनदी अधिकाऱ्याला नेमले होते. युरोपातल्या शेतकी पेढ्यांचा त्याने बारकाईने तपास केला. कायदे, व्याजाचे दर, तारणाचे प्रकार, सगळे लिहिले. आणि एवढ्या मोठ्या खटाटोपानंतर त्याचा सल्ला निघाला तो इतकाच, की राइफायझेन शोधा.

राइफायझेन हे माणसाचे नाव. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन, जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातल्या लहान गावांचा नगरप्रमुख. डोळ्यांच्या आजारामुळे त्याला लष्करातली नोकरी सोडावी लागली होती. १८४६-४७च्या दुष्काळी हिवाळ्यात त्याने गावातल्या सधन लोकांकडून पैसा जमवून गरिबांना पीठ आणि पाव पुरवला. हिवाळा सरला, तशी देणाऱ्यांची उमेदही सरली. दानावर गाव उभे राहत नाही, हे त्याला अनुभवाने कळले. मग त्याने ज्यांना गरज होती त्यांनाच पेढीचे मालक केले. दृष्टी जवळजवळ गेली तेव्हा त्याने आपले पुस्तक मुलीला सांगून लिहून घेतले. तो १८८८ साली वारला. म्हणजे निकल्सन सरकारला सांगत होता ते असे, की कायदा तुम्ही कराल, पण खेडुताला ‘तू हे करू शकतोस’ असे पटवणारा माणूस कायद्यातून निघत नाही. तो शोधावा लागेल.

त्या शोधाचा एक धागा प्रवरेच्या काठी येऊन पोचतो. नगर-मनमाड रस्त्यावर, भगवती देवीचे कोल्हार ओलांडले की लोणी अगदी जवळ. तिथे हा माणूस सापडला. सरकारने तो शोधला असे मात्र म्हणता येणार नाही.

आधी या मुलखाची अवस्था पाहू. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली आणि गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. त्या वेळी लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर अधिक होता, कारण त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये संरक्षणाचा कायदा केला. तरीही पेरणीच्या तोंडाला पैसा लागला की पाय सावकाराच्याच ओट्याकडे वळत. पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की माणसाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते: पैशाचा व्यवहार आपल्या डोक्याचा नव्हे. मला या साऱ्या कथेतली खरी मर्यादा हीच वाटते. पावसाचा भरवसा नव्हता, भांडवल नव्हते, शाळा नव्हती, हे सगळे खरे. पण त्या सर्वांच्या तळाशी ही समजूत होती.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यात ग्रामीण संस्थांसाठी राइफायझेनचेच एक कठोर तत्त्व होते, अमर्यादित जबाबदारीचे. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाने आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी देणे भागवायचे. जरा विचार करा. ज्याला स्वतःच्या कर्जाची भीती वाटते, त्याने शेजाऱ्याच्या कर्जालाही आपले रान जामीन ठेवायचे. कागदावर हे सोपे दिसते. चावडीवर बसून त्याला हो म्हणणे फार अवघड.

लोणीत ते १९२३ साली घडले. विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील या शेतकऱ्याने पुढाकार घेऊन लोणी बुद्रुकची सहकारी पतपेढी उभी केली. विठ्ठलरावांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नव्हते, कायद्याचा अभ्यास नव्हता. पण आपल्या गावातला कोण किती पिकवतो, कोणाची अडचण खरी आहे, कोण शब्दाला जागतो, याची माहिती त्यांच्याइतकी कुठल्याच बँकेकडे नव्हती. त्यांनी आपल्या तोकड्या शिक्षणाकडे न पाहता या माहितीवर भरवसा ठेवला. पेढी चालली. शेतकरी कर्ज फेडतो, हिशेब ठेवतो, एकमेकांवर लक्षही ठेवतो, हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जगाला हा शोध लहान वाटेल. ज्यांनी आयुष्यभर ‘कुणब्याला व्यवहार कळत नाही’ एवढेच ऐकले होते, त्यांच्यासाठी तो फार मोठा होता.

दरम्यान काठाचे रूप पालटत होते. सह्याद्रीत भंडारदऱ्याला धरण बांधले जात होते. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि ज्या रानात बाजरीही नशिबाने यायची, तिथे आडसाली ऊस डोलू लागला. पाणी आले म्हणजे पैसा आला असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. उसाला खत हवे, मजूर हवेत, दीड वर्ष थांबायची ताकद हवी, म्हणजे पुन्हा कर्ज हवे. त्यातच १९२९ नंतर जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले आणि बागायतदार जिरायतदारापेक्षा खोल बुडाला. पाटाच्या पाण्याने श्रीमंत होण्याऐवजी माणसे पाटाच्या पाण्यावर जमिनी गमावू लागली.

१९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले आणि खासगी कारखान्यांना तेजी आली. हरेगावला बेलापूर कंपनी होतीच, टिळकनगरला दुसरा कारखाना निघाला. कारखान्यांनी खंडाने जमिनी घेतल्या. काल ज्या वावराचा मालक होता, त्याच वावरात माणूस आज मजुरीवर जाऊ लागला.

इथे उसाचा एक गुण लक्षात घेतला पाहिजे, कारण सारे नाट्य त्यावर उभे आहे. कापूस घरात ठेवता येतो, ज्वारी पेवात ठेवता येते. ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते आणि वजनही घटते. एक-दोन दिवसांत तो गाळायलाच हवा. त्यामुळे तोडलेल्या उसाच्या मालकाला घासाघीस करायला वेळच नसतो. गाळणारा म्हणेल तो भाव. गुऱ्हाळ घालावे, तर काहिलीतून उतरलेली ढेप अडत्याच्या दारात जाते आणि त्याची उचल आधीच घेतलेली असते. म्हणजे ऊस उत्तम पिकवणे हा उपाय नव्हता. चरक ज्याच्या मालकीचा, नफा त्याचा. हे उमगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लोणी-कोल्हारच्या बांधावर ते रोज दिसत होते. पण ‘मग चरक आपलाच असला तर?’ हा पुढचा प्रश्न विचारायला जी हिंमत लागते, ती पतपेढीच्या वीस-बावीस वर्षांच्या अनुभवातून आली, असे मी मानतो.

याच सुमारास दुसऱ्या टोकाने एक विद्वान त्याच प्रश्नाकडे येत होता. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी नेमका कोणाचा किती फायदा झाला, याची त्यांच्या संस्थेने पाहणी केली. तो अहवाल १९४८ साली ग्रंथरूपाने निघाला. पाणी, ऊस, कर्ज, मजुरी यांचे आकडे त्यांनी रानातून गोळा केले होते. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. चौथी शिकलेला शेतकरी आणि केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तराशी आले: ऊस ज्यांचा, कारखानाही त्यांचा हवा.

मग सुरू झाले खरे कष्ट. कारखान्याला यंत्रे लागतात, रसायनतज्ज्ञ लागतात, लाखो रुपये लागतात. खासगी कारखानदार यात पिढीजात मुरलेले. शेतकऱ्यांनी हे पेलायचे, असे म्हटले की शहाणी माणसेही मान हलवत. सर्वांत कठीण शंका मात्र गावातच होत्या. पैसे घेऊन उद्या हे पळाले तर? कारखाना बंद पडला तर शेअर कोण परत करणार? कोणाला घरातले सोने मोडावे लागणार होते, कोणाच्या डोक्यावर जुने कर्ज होते. विठ्ठलराव गावोगाव फिरले, सभा घेतल्या, शेअर गोळा केले. त्यांच्याजवळ दाखवायला इमारत नव्हती, नकाशे नव्हते. होती ती लोणीच्या पेढीची चोख वही आणि स्वतःचा शब्द.

मला इथे थांबून एक सांगावेसे वाटते. आत्मविश्वासावर आज पुष्कळ व्याख्याने होतात. आरशासमोर उभे राहा, ‘मी जिंकणार’ असे म्हणा, वगैरे. प्रवरेच्या काठचा आत्मविश्वास या जातीचा नव्हता. तो आधी लहान जोखीम घेऊन पारखलेला होता. १९२३च्या पेढीत ज्याने शेजाऱ्याला जामीन राहून पाहिले, त्याने १९४८ मध्ये शेअर घेतला. मधली पंचवीस वर्षे काढून टाका, आणि विठ्ठलरावांची भाषणे कितीही तळमळीची असोत, कारखाना उभा राहिला नसता.

१९४८ साली कारखान्याच्या सहकारी संस्थेची नोंदणी झाली. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता स्वतः सहकारी बँकेत आयुष्य घालवलेले. ते पाठीशी उभे राहिले. सरकारनेही भागभांडवलात वाटा उचलला. अध्यक्षपद गाडगीळांकडे गेले आणि जवळजवळ पहिली दहा वर्षे ते त्यांनीच सांभाळले. विठ्ठलराव उपाध्यक्ष. या वाटणीत मला विठ्ठलरावांचा सर्वांत मोठा गुण दिसतो. ज्याच्या घामाने संस्था उभी राहिली, त्याने पहिली खुर्ची जाणत्याला दिली. स्वतःवर पूर्ण भरवसा असलेल्या माणसालाच हे जमते.

३१ डिसेंबर १९५० या दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडला आणि गाळप सुरू झाले. क्षमता आजच्या मानाने किरकोळ, दिवसाला पाचशे टनांच्या घरात. पण त्या चरकाचा मालक गाड्या घेऊन आलेला शेतकरीच होता. जास्त शेअर असले तरी मत एकच, हा सहकाराचा नियम. ज्याच्या आजाने कर्जरोख्यावर न वाचता अंगठा दिला होता, तो आता सर्वसाधारण सभेत हात वर करून ताळेबंद मंजूर करणार होता.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असे त्याचे वर्णन होते. अचूक बोलायचे तर आंध्रातल्या एटिकोप्पाका इथे १९३३ सालीच सहकारी साखर कारखाना निघाला होता; त्या काळातले असे काही प्रयत्न मात्र टिकले नाहीत. प्रवरेचे मोठेपण पहिलेपणात नाही. एक गाव हे करू शकते, हे पाहून दुसऱ्या गावाने धीर केला, हे त्याचे मोठेपण. राहुरी, कोपरगाव, संगमनेर, पुढे कृष्णा-पंचगंगेचे काठ, असे कारखाने उभे राहत गेले. १९६१ साली पंडित नेहरू कारखान्याभोवती वसलेल्या प्रवरानगरला आले आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था निघाली. चौथीवर थांबलेल्या माणसाने मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांची वाट करून दिली. १९८० साली ते गेले.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऊस तोडायला दरवर्षी बीड-पाथर्डीकडून येणारी, पालात आणि कोप्यांत राहणारी माणसे या मालकीत कधी आलीच नाहीत. उसाने पाणी ओढले, अतिपाण्याने काही जमिनी चोपण झाल्या. आणि राज्यात अनेक ठिकाणी सभासदांनी एकदा निवडणूक झाली की विचार करायचे काम नेत्यावर सोपवले. काही सहकारी कारखाने कर्जात बुडून विकले गेले, तेव्हा मालक असलेल्या हजारो सभासदांना त्याची बातमी पेपरातून कळली. ‘व्यवहार आपल्या डोक्याचा नव्हे’ ही जुनी समजूत नव्या कपड्यांत परत आली.

म्हणून निकल्सनचा सल्ला मला अर्धाच बरोबर वाटतो. माणूस शोधावा लागतो, हे खरे. लोणीला तो मिळाला. पण त्या माणसाने पुढे जाऊन जे शोधले ते शेअर घेणाऱ्या अनाम शेतकऱ्यांत होते, आणि ते प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागते.

कोल्हारपासून कोल्हापूरपर्यंत ज्यांच्या नावावर कुठल्याही सहकारी संस्थेचा एक तरी शेअर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वार्षिक सभेची नोटीस आली की ती बाजूला टाकू नका. सोबतचा अहवाल उघडा, कर्जाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा, समजले नाही तर घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. आणि सभेला जाऊन, उभे राहून, एक तरी प्रश्न विचारा.