यंत्राचे पाठांतर

संगणकाला विचार करण्याचे श्रम कसले, अशी आपली समजूत असते. आय. बी. एम. कंपनीचा ‘डीप ब्लू’ हा संगणक तर बुद्धिबळाच्या पटावरील सुमारे २० कोटी स्थिती एका सेकंदात तपाशीत असे. अशा बृहस्पतीला पाठांतराची गरज ती काय? पण गंमत अशी की, तोही डावाचा आरंभ पाठ करूनच पटाशी बसे! या पाठाला ‘ओपनिंग बुक’ म्हणतात. आपण त्याला आरंभाची पोथी म्हणू.

कारण साध्या हिशोबाचे आहे. पांढऱ्याला पहिली खेळी २० तऱ्हांनी करता येते. काळ्याने उत्तर दिले की तऱ्हा ४०० होतात आणि दोघांच्या दोन-दोन खेळ्या झाल्या की १,९७,२८१! शिवाय चौथ्या खेळीचे बरेवाईट कधी कधी चाळिसाव्या खेळीला कळते. तितक्या लांबचे डीप ब्लूलाही पुरते मोजता येत नसे. म्हणून उस्तादांचा अनुभव पोथीत भरून ठेवायचा. पटावरची स्थिती तीत सापडली की लिहिलेली खेळी करायची. विचार नाही, वेळ नाही. आमच्या कड्यावरून २०२२ साली आष्टीपर्यंत रेल्वे धावू लागली, तिचेच पाहा ना. रूळ आहेत तोवर गाडीला वाट शोधावी लागत नाही. प्रश्न येतो तो रूळ संपल्यावर!

विश्वविजेता कास्पारोव्ह हे ओळखून होता. १९९७ साली न्यू यॉर्कच्या सामन्यातील तिसऱ्या डावात त्याने वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवले. हेतू हा की, यंत्राने लवकर पोथीबाहेर पडावे. तो डाव बरोबरीत सुटला. सहाव्या, अखेरच्या डावात मात्र तो स्वतःच पोथीच्या वाटेवर सापडला. यंत्राने आठव्या खेळीला एका प्याद्यासाठी घोडा दिला. हे औदार्य यंत्राला सुचलेले नव्हते. माणसांनी पोथीत लिहून ठेवले होते. एकोणीस खेळ्यांत कास्पारोव्हने डाव सोडला आणि सामनाही गेला.

ही हकिकत वर्गात सांगितली, की एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच, “मग सर, आमच्या गाइडांनीच काय घोडे मारले?”

त्याचे उत्तर २०१७ साली ‘अल्फाझीरो’ने दिले. त्याला पोथी दिलीच नव्हती, केवळ नियम दिले होते. तो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळला आणि माणसांत पिढ्यान्पिढ्या रूढ असलेले बरेचसे आरंभ त्याने आपले आपण शोधून काढले! म्हणजे पोथी खोटी नव्हती. फरक एवढाच की, त्या खेळ्यांमागचे बरेवाईट त्याने स्वतः अनुभवले होते.

आज संगणकाच्या मदतीने तयार केलेली पोथी मोठ्या खेळाडूंपैकी प्रत्येकाजवळ असते. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत कोनेरू हम्पीशी खेळली. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, जेथे घड्याळ धावत असते आणि निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो.

तेव्हा वाचकहो, सुटीत घरातील मुलांनी पट मांडला, तर त्यांना आरंभाच्या दहा खेळ्या खुशाल पाठ करू द्या. फक्त प्रत्येक खेळीनंतर विचारा, “ही का केलीस?”