क्वाथाचे पाणी, तणनाशके आणि प्लास्टिकपासूनचा कार्बन

क्वाथनिर्मितीत औषधिद्रव्याची परीक्षा आपण डोळ्यांत तेल घालून करतो. परंतु त्याच्या सोळा पट घेतल्या जाणाऱ्या पाण्याकडे तितके लक्ष जात नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४५ व्या अध्यायात, गढूळ पाणी निवळण्यासाठी कतकफल, वस्त्र आदी सात साधने सांगितली आहेत. शेतातून विहिरीत झिरपणारी तणनाशके मात्र पाणी गढूळ न करताच त्यात विरघळून राहतात.

उसात व मक्यात ॲट्राझिन आणि २,४-डी ही तणनाशके आपल्याकडे वापरली जातात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात त्यांची मर्यादा दर लिटरला अनुक्रमे २ व ३० मायक्रोग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात. ही द्रव्ये मात्र वाफेबरोबर फारशी जात नाहीत. पाणी आटवून चतुर्थांश उरविले, तर त्यांची तीव्रता चौपटीपर्यंत वाढू शकते. तो क्वाथ अखेर रुग्णाच्या पोटात जातो.

यावर ॲक्टिव्हेटेड कार्बन हा मान्य उपाय आहे. त्याच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांच्या पृष्ठभागावर तणनाशकाचे रेणू चिकटून राहतात. हा कार्बन सहसा नारळाच्या करवंटीपासून वा दगडी कोळशापासून करतात. पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिकही त्यासाठी चालते. त्याच्या वजनात सुमारे ६२ टक्के कार्बन असतो. प्राणवायूविरहित भट्टीत ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड वा पोटॅशियम कार्बोनेटसह तापविले असता रंध्रे कोरली जातात. वनस्पतींच्या राखेतून काढलेल्या आपल्या क्षारांतही पोटॅशियम कार्बोनेट असतेच. पोर्तुगालमधील एव्होरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पेट व पॉलिॲक्रिलोनायट्राइल यांच्या मिश्रणापासून असा कार्बन करून, २,४-डीच्या कुळातील एमसीपीए हे तणनाशक पाण्यातून काढून दाखविले.

तथापि हे यश प्रयोगशाळेतील आहे. विहिरीच्या पाण्यातील इतर सेंद्रिय द्रव्येही तीच रंध्रे अडवितात. ग्लायफोसेटसारखे अतिविद्राव्य तणनाशक कार्बनवर नीट धरले जात नाही. शिवाय बाटल्या जाळून घरगुती कोळसा करणे धोक्याचे आहे. त्यात पीव्हीसी मिसळले असल्यास विषारी वायू निघतात.

म्हणून फार्मसीचालकांस आम्ही इतकेच सुचवितो:

१. विहीर वा कूपनलिका शेतालगत असल्यास, फवारणीनंतरच्या पावसाळ्यात पाण्याची तणनाशकांसाठी तपासणी करावी.
२. पेयजलासाठी प्रमाणित कार्बनच वापरावा व तो ठरावीक मुदतीत बदलावा. रंध्रे भरल्यावर गाळणी दिसायला पूर्ववत असते, पण द्रव्य धरत नाही.
३. कार्बनच्या थरात जंतू वाढतात; म्हणून पाणी आधी कार्बनमधून गाळावे, नंतर उकळावे.

शेड्यूल टीनुसार औषधनिर्मितीचे पाणी शुद्ध व पेय असावे लागते. विहिरीचे पाणी तसे आहे की नाही, हे नुसत्या नितळपणावरून ठरविता येणार नाही. तपासणीचा अहवाल दप्तरी असलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.