लोकरीची म्हैस आणि खणाची चोळी

हुबळी-धारवाडकडच्या घरांतून ज्येष्ठ महिना हा मुलांच्या हातांना माती लागण्याचा महिना असे. पौर्णिमेला कारहुण्णिमे, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडील मंडळी ज्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात तो सण; आणि त्यामागून पंधरा दिवसांनी येणारी 'मण्णेत्तिन अमावास्या'. कानडीत 'मण्णु' म्हणजे माती आणि 'एत्तु' म्हणजे बैल. या अमावास्येला मातीची बैलजोडी करून तिची पूजा करावयाची, असा रिवाज. आता शहरात ही जोडी बहुधा कुंभाराकडून आयतीच येते. चिंध्यांच्या बाहुलीची गत तीच. आजीच्या जुन्या लुगड्यातून निघणारी, कोळशाने डोळे रेखाटलेली ती बाहुली घरातून गेली, आणि तिच्या जागी कारखान्यात एका साच्यातून निघालेली निळ्या डोळ्यांची पाहुणी आली. खेळणे हे करावयाचे नसून आणावयाचे असते, असे आपल्या मुलांना वाटू लागले, यात त्यांचा दोष तो काय?

अशा काळात एक परदेशी छंद आपल्या उंबऱ्याशी आला आहे. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका घ्यावा, त्यात एक विशिष्ट सुई पुनःपुन्हा टोचावी आणि हळूहळू त्यातून ससा, मांजर, पक्षी साकारावा. इंग्रजीत याला 'नीडल फेल्टिंग' म्हणतात. आपण त्याला सुईचा नमदा म्हणू. गोकुळ रोडवर राहणाऱ्या आम्ही काही शेजारणी रविवारी दुपारी एकत्र बसून हा उद्योग करतो. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला एस.टी. गाड्यांची वर्दळ आणि औद्योगिक वसाहत. अशा या धावत्या रस्त्याच्या कडेला दोन तास केवळ एका पुंजक्यावर डोळे खिळवून बसण्यात किती स्वास्थ्य आहे, हे अनुभवावाचून कळावयाचे नाही. या छंदाची ओळख वाचकांना करून द्यावी, आणि तो आपल्या मातीत कसा रुजवावा याविषयी दोन शब्द सांगावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

सुईचे रहस्य

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली बारीक खवली दिसतात. ऊन पाणी, साबण आणि घर्षण यांच्या योगाने तंतू एकमेकांत शिरतात, ही खवली एकमेकांत अडकतात आणि मग ते तंतू माघारी फिरत नाहीत. लोकरीचा स्वेटर ऊन पाण्यात चोळून धुतला की तो आटून घट्ट होतो, त्याचे कारण हेच. काश्मीरचा नमदा याच गुणावर उभा आहे. दक्षिणेत पिंजाऱ्यांनी लोकर थापून, न विणता केलेले 'जेन' हेही त्याचेच भावंड.

सुईच्या नमद्यात पाणीही लागत नाही आणि साबणही लागत नाही. या सुईला नेढे नसते. तिच्या टोकाकडील कडांवर बारीक खाचा असतात. सुई आत जाताना त्या खाचा पृष्ठभागावरचे तंतू ओढून आत नेतात आणि बाहेर येताना तिथेच सोडतात. शेकडो वेळा टोचले की पुंजका आवळत जातो. जेथे अधिक टोचावे तेथे खळगा पडतो. डोळ्याची खोबण, नाकाचा उंचवटा, मांडीची वळणे सारी अशीच उमटतात. या सुया मूळच्या कारखान्यांतल्या. केस आणि लोकर यांचे जाड थर एकजीव करणाऱ्या यंत्रांत त्या शेकडोंनी बसविलेल्या असत. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टॅनवुड दांपत्याने यंत्रातली सुई हातात घेऊन घरगुती कलेस आरंभ केला, आणि तेथून ती जपान-युरोपपर्यंत पसरली.

नमद्याचे प्राणी मात्र त्याहून जुने. जर्मनीतील गिंगेन गावच्या मार्गारेटे स्टाइफ या स्त्रीला बालपणीच पोलिओने गाठले. पाय गेले, उजवा हातही दुबळा झाला. शिवणकाम करून उपजीविका करणाऱ्या या बाईने एका फॅशनविषयक नियतकालिकातला नमुना पाहून १८८० साली नमद्याच्या कापडाचा एक छोटा हत्ती शिवला. तो करावयाचा होता टाचण्या खोवण्यासाठी. पण मुलांनी तो खेळावयास पळविला! त्या हत्तीतून पुढे जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला आणि १९०२ मध्ये त्यांच्या पुतण्याने हातपाय हलणारे अस्वल घडविले. मासिकातल्या एका पानातून काय निघू शकते, याचे हे उदाहरण गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लोकर आपल्या दारची

आज या छंदाची तयार पेटी मागविता येते. तीत सुया, स्पंजाची गादी, रंगीत लोकर आणि कृतीचा कागद असतो. सोय उत्तम, पण पेटीबरोबर प्राणीही परदेशाहून येतात. कोल्हा तांबडा, युरोपच्या रानातला; खार झुपकेदार शेपटीची, पाठीवर रामाची बोटे नसलेली. लोकरही दूरची, मेरिनो मेंढीची. तिचा तंतू सुमारे २४ मायक्रॉनच्या आतला, म्हणजे मिलिमीटरच्या चोवीस हजारांश भागांहून बारीक. म्हणून ती मऊ, लवकर बसणारी.

आपल्याकडे लोकर नाही काय? दख्खनी मेंढी ही या पठाराची पिढीजात रहिवासी. धनगर आणि कुरुबर यांचे कळप सुगीनंतर आपल्या शेतांतून बसत आणि त्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीची घोंगडी घराघरांत असे. राणेबेन्नूरजवळचे मेडलेरी, चित्रदुर्गाकडचे चळ्ळकेरे ही गावे कांबळ्यांसाठी नावाजलेली. परंतु गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्याची पांघरुणे आली, घोंगडीची मागणी ओसरली आणि मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाऊ लागली. लोकरीला येणारा भाव कातरण्याची मजुरीही भरून काढीत नाही, म्हणून कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी रानातच टाकून दिली जाते. जी वस्तू एके काळी देवाच्या आसनाला लागे, ती बांधावर कुजत पडावी आणि आपण परदेशी लोकरीच्या पुड्या मागवाव्यात, हे मनाला बोचते.

दख्खनी लोकर जाड आणि राठ आहे हे खरे. ती सावकाश बसते, तिचे केस थोडे बाहेर डोकावतात. परंतु प्राण्याच्या अंगावर केस डोकावले तर बिघडले कोठे? आतला गाभा आणि अंगलोट या लोकरीची करावी; चेहऱ्यापुरती मऊ लोकर वरून चढवावी. कातरलेली लोकर प्रथम झटकून काडीकचरा वेचावा, रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता भिजत ठेवावी, दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवावी आणि तारांच्या ब्रशाने पिंजावी. चोळली की ती तेथेच आवळली म्हणून समजा. पांढऱ्या लोकरीला तुरटीच्या पाण्यात उकळून झेंडूच्या पाकळ्यांचा किंवा डाळिंबाच्या सालीचा रंग सुरेख चढतो. हळदीचा रंग देखणा खरा, पण उन्हात टिकत नाही.

प्रथम म्हैस, मग बैल, शेवटी कुत्रा

नवशिक्यांनी आरंभ म्हशीने करावा, असा आमचा आग्रह आहे. धारवाडी म्हैस ही आपल्या भागाची स्वतंत्र जात म्हणून २०२१ साली शासकीय संस्थेकडे नोंदली गेली. धारवाडी पेढ्याच्या मागे तिचेच दूध आहे. तिचा रंग काळा आणि दख्खनी लोकरही काळी. म्हणजे रंगविण्याचा प्रश्नच नाही! अंग गोलसर, पाय आखूड, मान जाड; या आकाराला घट्ट लोळी करून टोचीत जाणे सोपे. खरी ओळख तिच्या शिंगांत आहे. ती अर्धचंद्राप्रमाणे मागे वळून खांद्यांकडे जातात. आमच्यापैकी प्रत्येकीने आयुष्यभर म्हशीचे दूध प्यायले, परंतु तिचे कान शिंगांच्या खाली असतात की मागे, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा गोठ्यापर्यंत चालत जावे लागले. हा या छंदाचा मोठा लाभ होय. जे घडवावयाचे ते आधी पाहावे लागते.

म्हशीनंतर खिल्लार बैल घ्यावा. पांढरे अंग, उंच वशिंड आणि मागे झुकून वर निमुळती होत गेलेली लांब शिंगे. येथे शिंगांत तार घालावी लागते. आणि हात बसल्यावर मुधोळचा शिकारी कुत्रा करावा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापली. खोल छाती, आत गेलेले पोट, काडीसारखे पाय. यात लोकर एक चिमूट जास्त झाली तरी मुधोळचा कुत्रा जाऊन गल्लीतला लठ्ठ मोती उभा राहतो. पायांसाठी बारीक तार वाकवून सांगाडा करावा आणि तीवर लोकरीच्या पातळ पट्ट्या घट्ट गुंडाळाव्यात.

बाहुलीचा पोशाख

प्राणी जमू लागले की मन बाहुलीकडे वळते. बाहुलीचे धड कापडाचे करून त्यात कापूस ठासावा आणि डोके लोकरीचे करावे. चेहऱ्याचा एक नियम लक्षात ठेवला म्हणजे पुरे: डोळे कपाळाशी नसून डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. नाक शेवटी बसवावे. केसांना काळी लोकर आहेच. तिचा अंबाडा सुरेख वळतो.

पोशाखाच्या बाबतीत तर आपला प्रदेश श्रीमंत. गुळेदगुड्डचा खण कोणत्या मराठी घरात नाही? ओटीत आलेले खण ट्रंकेत वर्षानुवर्षे साठत जातात. वीतभर तुकड्यात बाहुलीची चोळी होते. इरकली लुगडे विरले तरी त्याचा तांबडा पदर बहुधा शाबूत राहतो. त्यातून नऊवारी निघते. धारवाडची कशिदाकारी, जिला कानडीत 'कसूती' म्हणतात, तिचे गोपूर, रथ, पालखी आणि तुळशीवृंदावन हे नमुने एका-दोन धाग्यांनी छोटे करून काठावर घालता येतात. 'गवंती' टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि त्यात गाठ येत नाही, म्हणून लहान वस्त्राला तो फार शोभतो. काळ्या इरकलीवर कशिदा भरलेली चंद्रकळा ही तर मराठी आणि कानडी दोन्ही घरांनी सारखीच मिरविलेली. अशी चंद्रकळा नेसलेली, नथ घातलेली वीतभर उंचीची बाई पुण्याला किंवा परदेशी असलेल्या नातीच्या हाती पडली, म्हणजे ती विचारते, "ही कोण? हिने लुगडे असे का नेसले आहे?" या प्रश्नांची उत्तरे देताना पणजीपासूनचा सारा इतिहास आपोआप सांगून होतो.

दिल्लीच्या बाहुल्यांच्या संग्रहालयाचा जन्मही एका बाहुलीच्या भेटीतून झाला. हंगेरीच्या राजदूताकडून आलेली बाहुली व्यंगचित्रकार शंकर यांच्या हाती आली, तिने त्यांना छंद लावला आणि १९६५ साली शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. देशोदेशींच्या बाहुल्यांच्या बदल्यात पाठविण्यासाठी तेथे भारतीय पोशाखातल्या बाहुल्या बनविण्याची कार्यशाळाही निघाली. कारण बाहुली आपल्या देशाची ओळख सांगते, ती मुख्यतः वस्त्रांतून.

थोडी सावधगिरी

ही सुई टोकदार आणि ठिसूळ असते. ज्या दिशेने आत गेली त्याच दिशेने ती बाहेर काढावी. तिरपी केली की मोडते आणि टोक आत राहते. खाली जाड स्पंज किंवा तांदूळ भरलेली तागाची पिशवी घ्यावी, मांडीवर ठेवून टोचू नये. दृष्टी सुईवर ठेवावी. दूरदर्शन पाहत हे काम करणारीचे बोट हमखास रक्ताळते. सुईच्या क्रमांकांत ३६ जाड, ३८ मध्यम, ४० बारीक. आरंभी आकार येण्यास जाड आणि शेवटी चेहऱ्यास बारीक वापरावी. अगदी तान्ह्या मुलांच्या हाती ही खेळणी देऊ नयेत. मण्यांचे डोळे आणि सुटी लोकर तोंडात जाण्याचे भय असते. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड घालून डबा बंद ठेवावा आणि अधूनमधून ऊन दाखवावे.

इतका वेळ कशाला घालवावयाचा, बाजारात कितीतरी स्वस्त मिळते, असे म्हणणारे घरोघर भेटतात. त्यांचा हिशेब खरा आहे. एका म्हशीला आठ-दहा तास लागतात आणि तेवढ्या तासांची मजुरी कोणी देणार नाही. परंतु छंदाची किंमत विक्रीवरून करू लागलो, तर रांगोळीही कधी काढली जाणार नाही. सुई परदेशातून आली याचेही वैषम्य नको. शिवणयंत्रही तसेच आले आणि आपले झाले. मात्र त्या सुईखाली लोकर आपल्या मेंढीची असावी, आणि घडणारा प्राणी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असावा.

यंदाच्या ज्येष्ठात कुंभाराकडची बैलजोडी अवश्य आणावी. तो त्याचा व्यवसाय आहे आणि तो चालावयास हवा. तिच्या शेजारी घरच्या मुलांनी केलेली लोकरीची एक म्हैस ठेवून पाहावी. शिंगे थोडी वाकडी असली तरी चालतील.