आधी फडकं घट्ट पिळा!

साफसफाईचा विषय निघाला की आपण हॉस्टेलवाले हळूच काढता पाय घेतो. तरीही मी त्यावरच लिहितोय, कारण गणपतीला घरी गेलो तेव्हा हॉलमधल्या जमिनीच्या चार पट्ट्या कडांना फुगून वर आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी हौसेने लॅमिनेटची जमीन बसवून घेतली. आईने तिची काळजीही मनापासून घेतली. रोज बादलीभर पाणी, झाकणभर फिनेल आणि ओलंचिंब फडकं! जुन्या घरात शहाबादी फरशीवर तिने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. दुकानदार म्हणाला, "पाणी तुम्हीच घातलंत." आई गप्प झाली. आपल्यामुळे पैसे वाया गेले, हे तिच्या मनाने घेतलं. आणि माहितीपत्रक? ते माळ्यावर न उघडता पडलेलं. घरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी असूनही!

मग मी ते वाचलं. लॅमिनेटची जमीन १९७७ मध्ये स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने शोधून काढली. दिसायला लाकूड, पण वरचे रेषे म्हणजे चक्क छापलेला कागद! त्यावर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर असतो आणि त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. खाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिन घालून उष्णतेने आणि दाबाने घट्ट बसवलेला गाभा. सगळ्यात खाली पट्टी वाकू नये म्हणून आणखी एक थर.

वरच्या थरातून पाणी आत शिरत नाही. ते शिरतं सांध्यांतून, केशाकर्षणाने. ओलं झालं की दाबलेले तंतू मोकळे होतात आणि गाभा फुगतो. आईला मी पोह्यांचं उदाहरण दिलं. भिजलेले पोहे वाळवले, तरी पुन्हा पहिल्यासारखे चपटे होतात का? तसंच हे. पंखा लावून पाणी वाळतं, पण फुगलेली कड बसत नाही. शिवाय खऱ्या लाकडासारखं रंधा मारून किंवा घासून ती सपाटही करता येत नाही, कारण वरचा कागदच निघून जाईल.

म्हणून आमच्या घरचे नवे नियम असे :

१. रोज कोरडा मायक्रोफायबरचा मॉप किंवा मऊ झाडू. ओलं फडकं फक्त गरज पडली तर, तेही थेंब गळणार नाही इतकं घट्ट पिळून.

२. पाणी किंवा चहा सांडला तर ताबडतोब टिपायचा. "नंतर पुसू" चालणार नाही.

३. मेण, पॉलिश आणि वाफेचा मॉप बंद. मेण-पॉलिश या थरात मुरत नाही, नुसते डाग राहतात. वाफ सांध्यांत घुसते.

४. दाराशी जाड पायपुसणं. वाळूतलं क्वार्ट्झ मोहज् मापावर ७ कठीण. चपलेखाली आलेला एक खडाही चरा पाडायला पुरतो.

५. खुर्च्या-टेबलाच्या पायांना फेल्टचे तुकडे. कपाट ओढायचं नाही, उचलायचं.

६. पावसाळ्यात बाल्कनीचं दार बंद. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली असते, दमट हवेत जमिनीला पसरायला. ती सिमेंटने बुजवायची नाही.

सुदैवाने एक खोका शिल्लक होता. भिंतीकडून पट्ट्या सोडवत मिस्त्रीने खराब झालेल्या चार बदलल्या. आता आई फडकं पिळते आणि मला दाखवून विचारते, "बघ रे इंजिनिअर, एवढं बास?"

तिची चूक नव्हतीच. पाणी कमी वापरणं हीच इथे काळजी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. तुमच्याही घरी अशी जमीन असेल, तर येत्या सुट्टीत आधी माळ्यावरचं ते माहितीपत्रक खाली काढा!