बढतीचा नकार : खुशीचा की सक्तीचा?

सरकारी कचेरी असो, बँक असो वा शाळा असो, बढतीची यादी लागली की तिच्यामागोमाग एखादा अर्ज साहेबांच्या टेबलावर येतोच. ‘घरगुती अडचणींमुळे मी सदर पदोन्नती स्वीकारू शकत नाही’ एवढाच त्यातील मजकूर. असा अर्ज पुरुषही करतात. परंतु तो स्त्रीने केला की त्याचे कोणालाच नवल वाटत नाही, हे नोकरदार वाचकांना वेगळे सांगावयास नको. अर्ज दप्तरी दाखल होतो, यादीतील पुढचे नाव वर सरकते आणि ‘बायकांनाच वर जाण्याची हौस नसते’ या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. स्त्रियांच्या नेतृत्वाची चर्चा बहुधा सर्वोच्च खुर्चीभोवती फिरत राहते. वस्तुतः त्या खुर्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच हा प्रश्न निकालात निघालेला असतो.

नियमांतील अडसर

एकेकाळी हा अडसर नियमांतच लिहिलेला होता. अ‍ॅना राजम मल्होत्रा १९५१ साली भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या, तेव्हा विवाह केल्यास सेवा संपुष्टात येईल अशी अट त्यांच्या नियुक्तिपत्रात होती. ही अट पुढे गेली आणि याच मल्होत्रा यांनी पुढे न्हावाशेवा बंदराच्या उभारणीची धुरा वाहिली. परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांची कथाही अशीच. स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि विवाहानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावा, असा त्या सेवेचा नियम होता. वरिष्ठ श्रेणीतील बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना ती बढती देऊ केली. तरीही न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालपत्रात या नियमांचा खरपूस समाचार घेतला. संसार कामाच्या आड येत असेल तर तो पुरुषाच्याही कामाच्या आड येऊ शकेल, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता.

दोनच वर्षांनी, १९८१ साली, पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारी एअर इंडियाची अट न्यायालयाने रद्द केली. सैन्यात मात्र याच वळणाचा युक्तिवाद २०२० पर्यंत टिकून होता. ग्रामीण भागातून आलेले जवान महिला अधिकाऱ्याचे नेतृत्व स्वीकारण्यास मनाने तयार नाहीत, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. न्यायालयाने ते फेटाळले आणि महिला अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा व नेतृत्वपदांचा मार्ग खुला केला.

तात्पर्य, लिखित भिंती एकेक करून पडल्या. तरीही महाराष्ट्र राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव मिळाल्या त्या २०२४ साली, म्हणजे राज्याच्या स्थापनेनंतर ६४ वर्षांनी. मग आता वाट अडवते कोण?

नकाराची किंमत

अर्थशास्त्राचा एक प्राथमिक नियम असा, की किंमत ठाऊक असल्याखेरीज निवडीचा अर्थ लावता येत नाही. बढतीबरोबर परगावची बदली आली, तर पुरुषाला तिची किंमत म्हणून खोलीचे भाडे, खाणावळीचे जेवण आणि शनिवार-रविवारचा एसटी प्रवास मोजावा लागतो. घर त्याच्यामागे चालूच राहते. कारण ते चालवणारे माणूस घरात असते. त्याच बदलीची स्त्रीला पडणारी किंमत म्हणजे मुलांची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी, दोन वेळचा स्वयंपाक आणि ‘संसार वाऱ्यावर सोडून गेली’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा शेरा. माल एकच असूनही दोन गिऱ्हाइकांना दोन भाव लावले जातात आणि महाग भाव ऐकून परतणाऱ्या गिऱ्हाइकालाच ‘तुम्हाला घ्यायचेच नव्हते’ असे सुनावले जाते.

हा भाव मोजताही येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, विनावेतन घरकामात स्त्रियांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्च होतात, तर पुरुषांची ८८. शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांपुरतीच आहे; मुळीच हात न लावणारे पुरुष त्या हिशेबात धरलेले नाहीत. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील नोकऱ्यांचा अभ्यास करून हेच सूत्र मांडले आहे. वेळीअवेळी हजर राहण्याची तयारी ज्या कामात लागते, त्या कामाला प्रमाणाबाहेर मोबदला मिळतो. आणि घरात मूल आले की ही तयारी दाखवण्याची मुभा बहुधा एकालाच उरते.

नकाराचा भुर्दंड एवढ्यावर थांबत नाही. केंद्र सरकारच्या नियमांनुसार बढती नाकारणाऱ्यास वर्षभर पुन्हा बढती देऊ केली जात नाही आणि दरम्यान वर गेलेल्या कनिष्ठांच्या तुलनेत ज्येष्ठताही गमवावी लागते. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनस्तरावरही पाणी सोडण्याची वेळ येते. मूल लहान असताना, दोन वर्षांच्या अडचणीपोटी केलेला अर्ज अशा रीतीने थेट निवृत्तिवेतनापर्यंत पाठलाग करतो.

सवलतीचे दुसरे टोक

यावर असा आक्षेप घेतला जातो, की बदलीचा नियम स्त्री-पुरुषांना सारखाच आहे. समता हवी तर सवलत का मागावी? आक्षेप अगदीच पोकळ नाही. केवळ स्त्रियांसाठी ठेवलेली सवलत पुष्कळदा त्यांच्यावरच उलटते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, हे योग्यच झाले. पण रजेच्या काळातील वेतनाचा बोजा मालकावरच राहिल्याने स्त्री कर्मचारी ‘महाग’ पडते, असा हिशेब खासगी क्षेत्रात मांडला जाऊ शकतो. केंद्र सरकारी सेवेत बालसंगोपनासाठी स्त्रीला एकूण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. पुरुषांपैकी ती फक्त एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्याला मिळते. एरवी बापाच्या वाट्याला येते ती १५ दिवसांची पितृत्व रजा. म्हणजे मूल हे आईचेच काम, हा जुना समज नव्या नियमानेही पक्काच केला.

म्हणूनच उपाय शोधावयाचा तो स्त्रीसाठी वेगळी वाट काढून नव्हे, तर नियमांतील गृहीतच बदलून. बढती नाकारणाऱ्याला, मग तो पुरुष असो वा स्त्री, ज्येष्ठता न गमावता ठरावीक मुदतीपुरता नकार देता यावा. कामाचे स्वरूप परवानगी देत असेल तेथे बढतीला बदलीची अट जोडू नये. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली आहे. तिची अंमलबजावणी तपासली जावी. बालसंगोपनाच्या रजेतील काही भाग बापाच्याच नावे असावा. तो त्याने घेतला नाही तर बुडावा. अशा तरतुदींनी व्यवहार कोलमडतो असेही नाही. १९७७ साली परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून स्टेट बँकेत आलेल्या अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मुलांच्या वा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन पुन्हा नोकरीवर रुजू होण्याची सोय त्यांच्या कारकीर्दीत झाली. बँक त्यामुळे बुडाली नाही.

अर्थात सर्वच स्त्रियांना अधिकारपद हवे असते असे नाही, तसे ते सर्वच पुरुषांनाही नको असते. ज्याला नको त्याला ते न घेण्याचा अधिकार आहेच. परंतु भाव सारखा लावल्यावर आलेला नकार आणि दुप्पट भाव लावून मिळवलेला नकार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बदल्यांचे, रजांचे आणि ज्येष्ठतेचे नियम वरच्या पदांवर ठरतात. तेथे पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांना घरासाठी बढती सोडण्याची वेळ कधी आलेलीच नसते. त्यामुळे नियम बदलत नाहीत म्हणून स्त्रिया वर जात नाहीत आणि स्त्रिया वर जात नाहीत म्हणून नियम बदलत नाहीत, असे हे चक्र फिरत राहते. घराघरांतील रीत बदलण्यास एखादी पिढी जाईल. कचेरीतील नियम बदलण्यास एक परिपत्रक पुरते. आरंभ तेथून न करण्यास कोणतीच सबब उरत नाही.